ठिपका एलईडीचा, ठिपका लेझरचा

बंदुकीने नेम धरताना आपण डोळ्याला एक अशक्य काम सांगत असतो. मागची खाच डोळ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर असते, नळीच्या टोकावरची माशी हातभर अंतरावर आणि लक्ष्य शंभर-दोनशे मीटरवर. तिन्ही एका रेषेत आणायची आणि तिन्ही स्पष्ट दिसली पाहिजेत. डोळ्यातले भिंग मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावते. म्हणून चांदमारीच्या मैदानावरचे उस्ताद पहिल्याच दिवशी सांगतात की नजर माशीवर ठेवा, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालेल. विशीतल्या जवानाला हे जमते. चाळिशी लागली की आधी माशीच विरघळू लागते. शिवाय समोर खरोखरच धोका उभा असेल तेव्हा नजर माशीवरून सुटते आणि धोक्यावर खिळते. कितीही सराव केला तरी ही ओढ पूर्णपणे जात नाही.

यावर एक जुना उपाय आहे. मागच्या खाचेऐवजी बारीक छिद्राची चकती लावायची. छिद्र लहान झाले की जवळचे आणि दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, ते अशाच छिद्रातून पाहून. ऑलिंपिकच्या रायफल आणि पिस्तूल प्रकारांत प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, चालत नाही. तिथे श्वास रोखून, पूर्ण शांततेत नेम धरायचा असतो. छिद्रातून मिळणारा प्रकाश कमी असतो आणि नजरेचा आवाकाही आक्रसतो, पण नेमबाजाला ते परवडते. अंधाऱ्या जिन्यावर चढणाऱ्या कमांडोला परवडत नाही.

दुसरा उपाय एका दुर्बीण बनवणाऱ्या माणसाला सुचला. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली त्याचे पेटंट घेतले. हे नाव पुण्याला परके नाही. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली मोठी दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आयुष्यभर ताऱ्यांसाठी आरसे आणि भिंगे घडवणाऱ्या माणसाने बंदुकीचा प्रश्नही ताऱ्यांच्याच पद्धतीने सोडवला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर वळण वाटते.

ग्रब यांची युक्ती अशी. भिंगाच्या किंवा अंतर्गोल आरशाच्या बरोबर नाभीवर एक उजळ खूण ठेवली की तिच्यापासून निघालेले किरण बाहेर पडताना समांतर होतात. समांतर किरण डोळ्यात शिरले की डोळ्याला वाटते, ही खूण फार दूर, जवळजवळ अनंत अंतरावर आहे. हे किरण तिरक्या काचेवरून डोळ्याकडे वळवले आणि त्याच काचेतून समोरचे दृश्यही पाहिले, तर लक्ष्य आणि खूण दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखी एकदमच स्पष्ट दिसतात. डोळ्याला आता एकच काम उरते, लक्ष्याकडे पाहण्याचे.

याचा आणखी एक फायदा आहे. रात्रीच्या एसटीत खिडकीशी आपण पुढे-मागे सरकलो तरी चंद्र आपली दिशा सोडत नाही, कारण तो फार दूर आहे. खूणही तशीच वागते. डोके थोडे डावी-उजवीकडे झाले तरी ती काचेवर सरकते आणि लक्ष्यावरची आपली जागा राखते. त्यामुळे गाल बंदुकीच्या दस्त्यावर अगदी ठरल्या जागी टेकला नाही तरी चालते. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि आजूबाजूचेही दिसत राहते.

ही युक्ती आधी विमानांनी उचलली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, जर्मन लढाऊ विमानांवर अशी साइट बसली. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिश स्पिटफायरवर होती, तशीच जर्मन मेसरश्मिटवरही. विमानात विजेची सोय असते आणि दिव्याचे वजन कोणाला जाणवत नाही. पायदळाच्या रायफलीवर मात्र ती यायला पाऊण शतक लागले, कारण मुठीत मावणारा, धक्का सोसणारा आणि चिमूटभर विजेवर चालणारा दिवाच नव्हता.

१९६२ या एकाच वर्षात, एकाच देशात, दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दोन गोष्टी घडल्या. जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोनियॅक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा बनवला, म्हणजे आपला एलईडी. मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी होलोग्राफीची कोंडी फोडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज दुकानात शेजारी मांडलेल्या रेड डॉट आणि होलोग्राफिक या दोन साइटांची मुळे त्या वर्षात आहेत. बाहेरून त्या इतक्या सारख्या दिसतात की निवड करणारा माणूस आकार, किंमत आणि नाव पाहून ठरवतो. खरा फरक आतल्या प्रकाशात आहे. एकीत एलईडी आहे, दुसरीत लेझर. बॅटरी किती टिकेल, नेमाची खूण कशी दिसेल, थंडीत काय होईल, वजन किती भरेल, हे सगळे या एका फरकातून निघते. तो समजला की जाहिरात वाचायची फारशी गरज उरत नाही.

रेड डॉट आधी आली. एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने १९७५ मध्ये एलईडीवर चालणारी साइट विकायला काढली. ती सैनिकांआधी शिकाऱ्यांनी उचलली, कारण झाडीतून पळणाऱ्या एल्कवर नेम धरायला क्षणभरच मिळतो. रचना ग्रब यांचीच, फक्त आटोपशीर. पुढच्या काचेची आतली बाजू किंचित गोलाकार असते आणि तिच्यावर असा लेप असतो, की एलईडीचा लाल रंग तेवढा परत फिरावा आणि बाकीचे रंग आरपार जावेत. म्हणूनच अशा साइटमधून पाहिलेले जग थोडे निळसर दिसते. एलईडी एका कडेला, डोळ्याच्या आड येणार नाही अशा बेताने बसवलेला असतो. त्याचा प्रकाश काचेवरून परतून डोळ्यात जातो, वाटेत फारसा वाया जात नाही, आणि एलईडी लेझरसारखी वीजही खात नाही. एमपॉइंटच्या आजच्या छोट्या साइटा नाण्याएवढ्या एका सेलवर पन्नास हजार तास चालतात, म्हणजे पाच वर्षांहून अधिक. त्या बंदच करायच्या नसतात. कपाटातून रायफल उचलली की ठिपका आहेच. अमेरिकी लष्कराने १९९७ मध्ये याच कंपनीची साइट स्वीकारली आणि मग जगभरच्या सैन्यांत ती वाट रुळली.

होलोग्राफिक साइटची गोष्ट अधिक अद्भुत आहे. साधा फोटो प्रकाशाची फक्त तीव्रता टिपतो. होलोग्राम प्रकाशाच्या लहरींची आपसातली गुंतागुंतही टिपतो. इंग्लंडमधल्या रग्बी गावी काम करणाऱ्या डेनिस गाबोर यांना ही कल्पना १९४७ मध्ये सुचली. पण लहरी एका तालात चालवणारा प्रकाश तेव्हा नव्हता. १९६० मध्ये लेझर आला, आणि १९६४ मध्ये लीथ-उपात्निएक्स जोडीने खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम लोकांपुढे ठेवला. सपाट पट्टीकडे पाहत डोके हलवले तर इंजिनाच्या आडचा भागही दिसू लागे. गाबोर यांना १९७१ चे नोबेल मिळाले.

आता त्या आगगाडीच्या जागी एक वर्तुळ आणि मधला बारीक ठिपका आहे अशी कल्पना करा, आणि तो फार दूर आहे अशा रीतीने नोंदवला आहे. ती नोंद दोन काचांच्या मध्ये बंदिस्त आहे. खालून लेझरचा उजेड तिच्यावर पडला की ते वर्तुळ पुन्हा जिवंत होते, लक्ष्याच्या अंतरावर तरंगते. हे काम पुरे करणारी कंपनी त्याच मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात उभी राहिली. विद्यापीठाच्या जुन्या प्रयोगशाळेतून निघालेल्या संशोधन संस्थेची ती शाखा होती, तिचे नाव ईओटेक. पहिली साइट १९९६ मध्ये बुशनेल या कंपनीच्या नावाने बाजारात आली.

होलोग्रामचा एक गुण ऐकताना खोटा वाटतो, पण तो खरा आहे. नोंदीच्या प्रत्येक तुकड्यात संपूर्ण चित्र असते. काचेला तडा गेला, अर्धी काच चिखलाने भरली, तरी उरलेल्या भागातून पाहिले की पूर्ण वर्तुळ दिसते. रेड डॉटचेही असेच काहीसे आहे, पण तिथे एलईडी आणि काचेमधली वाट मोकळी लागते. उघड्या रचनेच्या रेड डॉटमध्ये एलईडीवर पावसाचा एक थेंब बसला की ठिपका पसरतो किंवा नाहीसा होतो. मुसळधार पावसात काम करणाऱ्याने बंद नळीची रेड डॉटच घ्यावी, याबाबत माझे मत पक्के आहे.

होलोग्रामचा दुसरा गुण खुणेच्या आकाराचा. एलईडीने मुख्यतः गोल ठिपकाच मिळतो, त्याची जाडी दोन किंवा चार मिनिटे. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक मिनिट सुमारे २.९ सेंटिमीटर भरते, त्यामुळे चार मिनिटांचा ठिपका तिथे साधारण बारा सेंटिमीटर झाकतो. होलोग्राममध्ये हवी ती आकृती नोंदवता येते. ईओटेकची प्रसिद्ध खूण म्हणजे ६८ मिनिटांचे वर्तुळ आणि आत एका मिनिटाचा ठिपका. शंभर मीटरवर ते वर्तुळ जवळपास दोन मीटरचे होते, म्हणजे उभा माणूस त्यात मावतो. खोलीत, चार-पाच मीटरवर, डोळा ठिपका शोधतच नाही. वर्तुळच त्याला पकडते. शिवाय इतक्या जवळ एक जुनी अडचण असते. साइट नळीच्या सहा-सात सेंटिमीटर वर बसलेली असल्याने गोळी ठिपक्याच्या तितकीच खाली लागते. वर्तुळाच्या खालच्या टोकाचा उपयोग करून ही तूट भरून काढायला जवान शिकतात. रेड डॉटवाल्याला तोच हिशेब मनात करावा लागतो.

आता या गुणांची किंमत. लेझर डायोडला एलईडीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. होलोग्राफिक साइट एका सेलवर साधारण हजार तास चालते, म्हणजे एकेचाळीस दिवस. म्हणून ती काही तासांनी आपोआप बंद होते, आणि उचलल्यावर बटण दाबायचे लक्षात ठेवावे लागते. वजनही अधिक. छोटी रेड डॉट शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असते, होलोग्राफिक साइट अडीचशे-तीनशे ग्रॅमची. दिवसभर रायफल घेऊन चालणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो.

पण खरी अवघड गोष्ट तापमानाची आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. तापमान बदलले की लेझर डायोडच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते. होलोग्राम प्रकाशाला ज्या कोनात वळवतो तो तरंगलांबीवर अवलंबून असतो. म्हणजे गारठा पडला की खूण आपली जागा सोडणार. अभियंत्यांनी यावर देखणा उतारा शोधला. प्रकाशाच्या वाटेत आणखी एक अतिसूक्ष्म रेघांची जाळी बसवली, जी तरंगलांबी बदलल्यावर किरणांना तेवढ्याच कोनात उलट दिशेने वळवते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सिद्धांतात हे चोख बसते. प्रत्यक्षात मात्र आतला प्रत्येक आरसा आणि त्यांना धरून ठेवणारा प्रत्येक भाग थंडी-उन्हात आपापल्या परीने आकसतो आणि फुगतो, आणि तो हिशेब जाळी करत नाही. एलईडीच्या साइटमध्ये आरसा रंगानुसार कोन बदलत नाही आणि भागही कमी असतात, म्हणून तिथे हा त्रास मुळातच लहान.

नोव्हेंबर २०१५ मध्ये हे सारे न्यायालयात आले. ईओटेक तेव्हा एल-थ्री या मोठ्या संरक्षण कंपनीकडे होती. अमेरिकी सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात आरोप ठेवला की उणे ४० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत आणि दमट हवेतही या साइट नीट चालतात असे कंपनीने सांगितले होते. थंडीत आणि उष्णतेत खूण सरकते हे तिला ठाऊक होते, तरी तिने ते सरकारपासून दडवले, असे सरकारचे म्हणणे होते. एफबीआयने हा दोष स्वतःच्या चाचण्यांत पकडला होता. त्या साइट इराक आणि अफगाणिस्तानातल्या सैनिकांच्या रायफलींवर होत्या. कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि साध्या ग्राहकांनाही पैसे परत देऊ केले.

समजा खूण चार मिनिटे सरकली. खोलीत त्याने काहीच बिघडत नाही, दहा मीटरवर फरक सव्वा सेंटिमीटरही नाही. तीनशे मीटरवर तोच फरक ३५ सेंटिमीटर होतो. छातीवर धरलेला नेम खांद्याबाहेर जातो. आणि जवानाला यातले काहीच दिसत नाही. खूण तितकीच उजळ आणि तितकीच स्थिर असते, फक्त चुकीच्या जागी. मला याचाच राग येतो. बॅटरी संपली तर ठिपका विझतो आणि माणूस सावध होतो, राखीव लोखंडी खाच उभी करतो. सरकलेली खूण मात्र कोणालाच सावध करत नाही. कारखान्याने सांगितले नाही, तर रणांगणावर ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. अभियांत्रिकीतली मर्यादा क्षम्य असते. ती लपवणे, तेही ज्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे त्याच्यापासून, अक्षम्यच.

त्यानंतरच्या साइट सुधारल्या, दुसऱ्या कंपन्याही होलोग्राफिक साइट बनवू लागल्या. तरीही तापमानाचा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी होलोग्राफिक साइट घेऊ नये.

हा प्रश्न आपल्या देशाला जितका लागू पडतो तितका फार थोड्या देशांना पडत असेल. जैसलमेरच्या वाळूत पन्नास अंशांजवळ तापलेली तुकडी बदली होऊन द्रासला जाते, जिथे पारा शून्याखाली कितीतरी उतरतो. त्यातल्या काहींना पुढे सियाचीनही पाहावे लागते. तीच रायफल, तीच साइट. अशा बदलीनंतर नव्या जागी, तिथल्या पहाटेच्या गारठ्यात, साइट पुन्हा जुळवून घेतलीच पाहिजे. ही शिस्त दोन्ही प्रकारांना लागू आहे, होलोग्राफिकला जरा जास्त. आपल्या विशेष दलांनी घेतलेल्या इस्रायली तावोर रायफलीवर बसणारी मेप्रो-२१ ही साइट तर तिसऱ्याच वाटेने जाते. दिवसा बाहेरचा उजेड तंतूंतून आत आणायचा, रात्री ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचा. बॅटरीच नाही. फक्त ट्रिटियम सुमारे बारा वर्षांत निम्मे उरते, तेवढा उजेड कमी होतो.

अशा प्रकाशयंत्रांचे ज्ञान भारतात नाही असे नाही. चंदीगडच्या सीएसआयओ या प्रयोगशाळेने तेजस विमानासाठी वैमानिकापुढचा दर्शक पडदा तयार केला, तो ग्रब यांच्या कल्पनेचाच थेट वारसदार. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलसोबत अस्मी हे मशीन पिस्तूल चार महिन्यांत घडवले आणि ते जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याच्या वरच्या अंगाला साइट बसवण्याची पट्टी मुळापासूनच आहे. शस्त्र आणि साइट वेगळी नाहीत हे आपल्याकडच्या रचनाकारांनी स्वीकारल्याची ती खूण आहे.

मग निवड कशी करायची? सुरुवात डोळ्यापासून. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना रेड डॉटचा गोल ठिपका गोल दिसत नाही. तो तारा होतो, स्वल्पविराम होतो, कधी दोन ठिपके होतात. दुकानात उभे असताना साइट सदोष आहे असे वाटते. खात्री करायची सोपी रीत आहे. मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या जागी धरून ठिपक्याचा फोटो घ्या. फोटोत तो गोल असेल तर दोष डोळ्याचा आहे. अशा अनेकांना होलोग्राफिकचे मोठे वर्तुळ अधिक सोयीचे पडते. तो काही इलाज नव्हे, कारण सिलिंडरवाला डोळा कोणताही प्रकाशबिंदू पसरवतोच, पण वर्तुळ थोडे पसरले तरी त्याचा मध्य शोधता येतो. उलट होलोग्रामची खूण मोबाइलमध्ये दाणेदार दिसते. ते दाणे लेझरच्या प्रकाशाचा स्वभाव आहेत, बिघाड नव्हे.

नंतर कामाचे अंतर. दारे तोडून खोल्यांत शिरणाऱ्या पथकाने होलोग्राफिक घ्यावी. वर्तुळाचा वेग त्यांना खरोखर उपयोगी पडतो, आणि कारवाईच्या आधी बॅटरी बदलण्याची शिस्तही अशा पथकात असते. लांबचे लक्ष्य मोठे करून पाहण्यासाठी मागे तीनपट भिंग लावणाऱ्यांनाही एका मिनिटाचा ठिपका बरा पडतो. भिंगातून लक्ष्य आणि ठिपका दोन्ही सारखेच मोठे होतात, म्हणून दोन मिनिटांचा ठिपका लांबचे लक्ष्य तितकेच झाकत राहतो.

उरलेल्या सर्वांसाठी, म्हणजे गस्तीवरचा जवान, गडचिरोलीच्या जंगलात दिवसेंदिवस चालणारा पोलीस, ठाण्याच्या शस्त्रागारात महिनोन्‌महिने उभी राहणारी रायफल, यांच्यासाठी मी बंद नळीची, दोन मिनिटांच्या ठिपक्याची रेड डॉट सुचवेन. ती हलकी आहे, वर्षानुवर्षे पेटलेली राहते आणि हवामानाला कमी भुलते. तीही अगदी निर्दोष नाही. डोळा काचेच्या अगदी कडेला गेला की तिचा ठिपका किंचित सरकतो, कारण आरशाचा वक्र सगळीकडे परिपूर्ण नसतो. म्हणून घाई नसेल तेव्हा ठिपका काचेच्या मध्यात आणूनच घोडा दाबावा.

आणि घाऊक खरेदी करणाऱ्या खात्याने निविदेत एक चाचणी घालावी. यादृच्छिकपणे निवडलेल्या साइट रात्रभर शीतपेटीत आणि मग तापलेल्या भट्टीत ठेवायच्या. दोन्ही तापमानांना आणि पुन्हा सामान्य हवेत आणल्यावर खूण मूळ जागेपासून किती मिनिटे हलली ते मोजायचे, आणि तो आकडा साइटसोबत जवानाच्या हातात द्यायचा.